उजव्या बाजूचा बिल्ला

हॅम्बर्गच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचे बिल्ले करायचं खातं माझ्याकडे होतं. बिल्ल्याशिवाय गणपती म्हणजे मला कसंतरीच वाटायचं. पुण्यात आमच्या गल्लीत आरतीला न फिरकणारेसुद्धा छातीवर बिल्ला लावून मिरवायचे. त्या वर्षी मी हौसेनं निळे बिल्ले केले, पांढरी कड, पांढरी अक्षरं. आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींना आग्रह करकरून हॉलवर घेऊन गेले.

आजी ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहायच्या. मला जर्मन त्यांनीच शिकवलं, तेही रागावून रागावून. दारातच मी त्यांच्या कोटावर, उजवीकडे, 'पाहुणे' असा जर्मनमध्ये लिहिलेला बिल्ला टाचला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बिल्ला ओरबाडून त्यांनी माझ्या हातात कोंबला आणि आरतीआधीच निघून गेल्या. चारचौघांत! मला इतका राग आला म्हणून सांगू.

"तोंड फुगवून बसण्यापेक्षा मोदक घेऊन खाली जा," नवरा म्हणाला. दोन दिवसांनी गेले. आजींनी चहा केला, मला बसवलं आणि सांगायला लागल्या.

युद्धात, सोळा वर्षांच्या असताना, जर्मनांनी त्यांना युक्रेनमधल्या गावातून उचलून मालगाडीत कोंबलं होतं. इथल्या बंदराजवळच्या कारखान्यात राबायला. राहायला तारांच्या कुंपणातली छावणी. छातीवर उजवीकडे निळं कापड शिवलेलं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत जर्मनमध्ये 'पूर्व', म्हणजे पूर्वेकडून आणलेले मजूर. नाव कोणी विचारायचं नाही.

"गुलाम होते मी. हो, गुलामच. दुसरा शब्द नाही," आजी म्हणाल्या.

बाँब पडायला लागले की तळघरात जागा फक्त जर्मनांना. अशाच एका हल्ल्यात छावणीचं कुंपण कोसळलं आणि आजी पळाल्या. ते कापड त्यांनी दातांनी उसवून काढलं. पण कोट सगळा विटलेला आणि कापडाखालचा चौकोन नवाकोरा! लांबूनही दिसेल असा. मग काय केलं असेल या पोरीनं? पडक्या घरातली एक उशी उचलली, छातीशी कवटाळली आणि घरंदारं गेलेल्या जर्मन बायकांच्या लोंढ्यात शिरली. बोललं की पकडली जाणार, म्हणून मुकी झाली. दोन दिवस चालली, उशी खाली ठेवली नाही.

एका शेतकरणीनं तिला घरात घेतलं. उशी बाजूला झाल्यावर शेतकरणीला तो चौकोन दिसला. तिनं सुईदोरा घेतला. त्यावर एक खिसा शिवून दिला आणि युद्ध संपेपर्यंत तिला ठेवून घेतलं.

सोळाव्या वर्षी मी एकटी रिक्षात बसायला घाबरायचे हो! केवढं धाडस, केवढं डोकं! मला रडूच फुटलं. आजींनी दोन मोदक संपेपर्यंत मला रडू दिलं, मग म्हणाल्या, "पुरे आता."

"पुढच्या वर्षी याल ना?" मी विचारलं.

"जिथे माणसांना बिल्ले लावतात, तिथे मी जात नाही."

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी जाहीर केलं की यंदा बिल्ले नाहीत. केवढा गहजब झाला! स्वयंसेवक ओळखायचे कसे? "तोंडावरून," मी म्हटलं. कारण सांगितलं नाही. ती गोष्ट आजींची होती, मी कोण सांगणार? भांडले, पण बिल्ले होऊ दिले नाहीत. तरी आजी येतील याची खात्री नव्हती. आरतीची ताटं तयार झाली तरी माझं लक्ष दाराकडेच.

आजी आल्या. दारात उभं राहून त्यांनी एकेकाची छाती निरखून पाहिली. मग आत आल्या, आरतीला टाळ्या वाजवल्या, प्रसाद घेतला. आणि माझ्याकडे एक कोरा कागद आणि पेन मागितलं.

त्यांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत, त्यांनी सावकाश आपलं नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. कागद माझ्या हातात दिला आणि पर्समधून टाचणी काढली. मी घाबरून डाव्या बाजूला लावायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरून उजवीकडे नेलं.

"घट्ट लाव," आजी म्हणाल्या. "पडायला नको."