मामेसासऱ्यांच्या झोपेची बाटली

औषध घेण्याच्या बाबतीत माझ्या भूमच्या मामेसासऱ्यांइतका मोकळ्या मनाचा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. ज्यानं जे सांगितलं ते त्यांनी घेतलं. एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला सांगितला, तो बांधला. दाढी करणाऱ्यानं बेंबीत मोहरीचं तेल सोडायला सांगितलं, ते सोडलं. आठवडी बाजारात एका अनोळखी म्हाताऱ्यानं कसली तरी मुळी दिली. ती कशावरची हे विचारायचं राहून गेलं, म्हणून सगळ्यावरच उगाळून घेतली. साऱ्या जगात एकाच माणसाचा सल्ला त्यांनी कधी घेतला नाही आणि तो माणूस गेली बावीस वर्षं धाराशिवात औषधांचं दुकान चालवतो. तो मी.

याला कारण माझं अज्ञान नव्हे, माझं नातं. मी त्यांचा भाचजावई. भाचीला द्यायचं असतं, तिच्या सासरचं काही घ्यायचं नसतं, ही रीत बऱ्याच घरांत आता सणावारापुरती उरली आहे. मामांनी ती पाण्यापर्यंत नेली. आमच्याकडे येतात ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. एकदा बोलताबोलता त्यांना उचकी लागली, तर बायकोनं पुढं केलेला तांब्या बाजूला सारून ते उचक्या देत जिना उतरले आणि समोरच्या चहावाल्याकडचं पाणी प्यायले. औषधाचं तेच आणि औषधाबरोबरच्या सल्ल्याचंही तेच. मी भूमला गेलो की पहिलं ताट मला, दुधावरची साय मला. मी आरोग्यावर काही बोलायला लागलो की सगळे अदबीनं ऐकतात आणि मामा स्वयंपाकघराकडे बघून म्हणतात, "जावईबापूंना दही वाढा." इतक्या मानानं माझं तोंड दुसऱ्या कुणी बंद केलेलं नाही.

मामांचा धंदा खव्याचा. चाळीस वर्षं ते पहाटे तीनला उठून भट्टी पेटवत आले, कारण खवा पहिल्या एसटीनं जायचा. कढईपुढं उभं राहून दूध हलवायचं, आणि खवा झाला की नाही हे त्यांना बघावं लागत नसे; पाठ वळवून तंबाखू मळतानाही, नुसत्या आवाजावरून ते सांगत. घरात गजराचं घड्याळ कधी आलंच नाही. दोन वर्षांपूर्वी मुलानं मशीन घेतलं. आता मोटर दूध हलवते, सहाला चालू केलं तरी चालतं, आणि माल न्यायला नऊला टेम्पो दारात येतो. मुलानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, दादा, तुम्ही आता निवांत झोपा. मामांनी ते मनावर घेतलं. पण त्यांच्या अंगाला कुणी काही कळवलं नव्हतं. ते आपलं तीनला जागं होतच राहिलं.

यावर इलाज मिळाला तो शेजाऱ्यांच्या अमेरिकेतल्या सुनेकडून. लांबच्या विमानप्रवासानं दिवसरात्र उलटीपालटी होते, म्हणून ती मेलाटोनिनच्या गोळ्या जवळ बाळगायची. जाताना उरलेली बाटली तिनं मामांना दिली आणि सांगितलं, हे काही बाहेरचं औषध नाही, अंधार पडला की आपल्याच शरीरात तयार होतं. हे वाक्य मामांना फार आवडलं. "आपल्याच अंगातलं हाय, त्याला भ्यायचं काय?" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. रात्री नऊला ते एक गोळी घेत. तरीही तीनला जाग आली, की पहिली संपली असं समजून दुसरी घेत.

मग गमतीजमती सुरू झाल्या. पहिली गंमत स्वप्नांची. मामांना एरवी स्वप्नं पडत नसत. आता पडू लागली ती रंगीत, लांबलचक आणि पटण्याजोगी. एका स्वप्नात मी त्यांची दुभती म्हैस परस्पर विकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाचीला फोन करून, तुमचं सगळं बरं चाललंय ना, जावयांची काही नड आहे का, अशी आडून आडून चौकशी केली. पुढं महिनाभर ते माझ्याशी जरा जपूनच बोलत होते. दुसरी गंमत सकाळची. आठ वाजले तरी डोळ्यांवरची झापड जाईना, डोकं जड, उठताना भिंतीचा आधार. त्याचं खापर त्यांनी चहाच्या नव्या पुड्यावर फोडलं. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, त्याचं दातवणावर.

हसण्यावारी नेण्याचे दिवस संपले ते एका सकाळी. मुलगा टेम्पोत माल चढवत होता आणि मामा मशीनजवळ स्टुलावर बसले होते. बसल्याबसल्या त्यांचा डोळा लागला आणि कोपर तापलेल्या कढईच्या काठाला टेकलं. चांगला चार बोटं चटका बसला. तोंड पुढं गेलं असतं तर काय झालं असतं, या विचारानं मामींना जेवण जाईना. त्यांनी माझ्या बायकोला कळवलं आणि मी तडक भूम गाठलं.

बाटली हातात घेतली तर गोळी दहा मिलिग्रॅमची. नव्या माणसाला त्याच्या पाव हिश्श्यानंही काम भागतं. मी जमेल तितकं सरळ सांगितलं. ही वस्तू विष नाही. थोडक्या प्रमाणात, थोडे दिवस, बहुतेकांना सोसते. पण डोकं दुखणं, चक्कर, दुसऱ्या दिवशीची गुंगी, चमत्कारिक स्वप्नं हे तिच्याबरोबर येऊ शकतं, आणि उतारवयात तिचा अंमल जास्त वेळ टिकतो. ती घेऊन गाडी चालवू नये, मशीनपाशी बसू नये. अशा बाटलीवर लिहिलेलं आणि आत असलेलं प्रमाण दर वेळी जुळतंच असं नाही. आणि मुख्य म्हणजे मामांच्या छातीत स्टेंट आहे, त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. तिच्या जोडीला हिनं रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही घेऊच नये. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी मामींकडे पाहिलं आणि दही आलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायला धाराशिवला यायचंच होतं. बायकोनं मला बरोबर धाडलं. डॉक्टरांनी चालू गोळ्या विचारल्या. मामांनी सकाळची, दुपारची, रात्रीची अशा सगळ्या धडाधड सांगितल्या आणि बाटलीचं नाव घेतलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. अंगातली वस्तू औषधांत कशी धरायची? तेव्हा मी जावईपण गुंडाळून ठेवलं आणि मध्ये बोललो. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर मांडवात रुसून बसलोय. डॉक्टरांनी बाटली पाहिली, हिरड्या पाहिल्या, कोपर पाहिलं, गोळ्या आजपासून बंद म्हणाले आणि विचारलं, झोप कधीपासून येत नाही?

"येती की," मामा म्हणाले. "नवाला पडलो की थेट तीनपर्यंत."

सहा तास झाले, मग त्रास काय होतो, असं डॉक्टरांनी विचारलं. मामांनी कोपरावरचं बँडेज चाचपलं.

"तरास काय न्हाय. पर तीनला उठून करू काय?"

डॉक्टरांनी मान हलवली. या वयाला एवढी झोप पुरते, हा आजार नाही, इतकं सांगून त्यांनी झोपेसाठी काही न लिहिता चिठ्ठीखाली रेघ मारली. बाहेर बाकावर बसल्यावर मामांनी माझा हात धरला. बावीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

"पोराला ह्यातलं सांगू नका, जावईबापू. म्या झोपावं म्हणून त्येनं मशीन घेतलंय. मला झोप न्हाय म्हणल्यावर त्येला वाईट वाटंल."

तेव्हा कुठं मला कळलं, की हा माणूस एवढे दिवस झोपेसाठी गोळ्या घेतच नव्हता. मुलानं दिलेला आराम वाया जाऊ नये म्हणून घेत होता. मला त्यांचा फार लळा आहे हेही मला त्या बाकावरच कळलं.

चटका गोळ्यांच्या गुंगीनं बसला, एवढं मी मुलाला सांगितलं. उरलेलं सांगितलं नाही. कोपर बरं झालं, हिरड्याही बऱ्या झाल्या, स्वप्नं थांबली. मामा आता नऊला झोपतात आणि तीनला उठतात. दुकान आणि संसार यातून जमेल तसा, महिन्या-दीड महिन्यानं मी भूमला मुक्कामी जातो, आणि मला ती जाग ऐकू येते. कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून ते चपलासुद्धा हातात घेऊन अंगणात जातात. मीही उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसतो. डोळे उघडत नसतात, तरी बसतो. मामा खांद्यावरची शाल काढून माझ्या पाठीवर टाकतात आणि म्हणतात, "झोपा, जावईबापू. अजून लई वेळ हाय."