भाऊसाहेबांच्या मिशा

ती घटना आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मग ऊर भरून येतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण आरोपीने स्वतःच्याच तोंडाने स्वतःला इतकं व्यवस्थित बांधून घेतलेलं पुन्हा पाहायला मिळालं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी विदर्भातून बदलून नाशिकला आलो होतो आणि पंचवटीची हद्द माझ्याकडे होती. पाकीटमारी, भाविकांच्या हरवलेल्या चपला, भाजी बाजारातल्या हाणामाऱ्या, असं नेहमीचं काम. एके दिवशी मुंबईच्या सायबर शाखेचा फोन आला. मालेगावच्या एका कापड व्यापाऱ्याला परदेशातल्या खोट्या ऑर्डरचे ईमेल पाठवून कोणीतरी लुबाडलं होतं. ते ईमेल निघाले तो इंटरनेटवरचा पत्ता आमच्या हद्दीतल्या भाजी-फूल उत्पादकांच्या सोसायटीच्या नावावर होता. जबाबदार व्यक्ती म्हणून एकच नाव नोंदलेलं होतं, भाऊसाहेब.

"उचलायचं का या भाऊसाहेबाला?" मी आमच्या हवालदारांना विचारलं. हवालदार इथलेच, माळ्याच्या घरातले. ते मिशीतल्या मिशीत हसले.

"आधी बघून तर घ्या साहेब. अन् संगं महिला शिपाई असू द्या."

सोसायटीत झेंडूच्या पोत्यांमधून वाट काढत आत गेलो. टेबलामागे चाळिशीच्या एक बाई कॉम्प्युटरवर बसल्या होत्या. चष्मा वर सरकवत म्हणाल्या, "या साहेब. मीच भाऊसाहेब."

मी हवालदारांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते.

नाशिक जिल्ह्यात तलाठी असो की ग्रामसेवक, गावाला तो भाऊसाहेब. मूळ नाव कोणी विचारत नाही. सोसायटीच्या सचिवाच्या खुर्चीलाही शेतकऱ्यांनी तेच नाव दिलं होतं. खुर्चीत बाई आल्या तरी ते बदलावं असं कुणालाच वाटलं नाही, बाईंनाही नाही. पुढे सोसायटीत कॉम्प्युटर आले. इंटरनेटच्या नोंदणीसाठी फोन आला तो एका शेतकऱ्याने उचलला. "तुमच्याकडे हे काम कोण बघतं?" "भाऊसाहेब." झाली नोंद.

मला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. बाईंनी समजावून सांगितलं.

"शेताला गट नंबर असतो ना साहेब, तसा इंटरनेटवर कॉम्प्युटरला नंबर असतो. हे नंबर वाटायला आपल्या भागातल्या सगळ्या देशांची मिळून एक संस्था आहे. नंबरांची तलाठीच म्हणा. गावोगावी बाजारभाव कळवायला तिनेच आम्हाला नंबर दिले. पण आता बरेच दिवस झाले, आमचेच नंबर आम्हाला चालत नाय. तक्रारी करून थकले. कोणी उत्तरच देत नाय."

एवढं सांगून त्यांनी विचारलं, "त्या मालेगाववाल्यांचं लय नुकसान झालं का हो?"

गुन्हेगार आधी स्वतःची बाजू सांगतो. फिर्यादीची विचारपूस करणारा संशयित मी क्वचितच पाहिला आहे. मन म्हणत होतं, या बाई नव्हेत. पण मनाचा पंचनामा होत नाही.

इकडे गावात कुजबुज सुरू झाली. सोसायटीच्या संचालकांनी बाईंना बजावलं, महिनाअखेरपर्यंत नाव स्वच्छ झालं नाही तर खुर्ची सोडा. बाई मला एवढंच म्हणाल्या, "खुर्ची आज ना उद्या सोडायचीच आहे साहेब. पण चोर म्हणून नाय सोडणार."

मी त्या संस्थेला पत्र पाठवलं. आपल्या देशाचं काम पाहणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं: 'सदर नंबर सोसायटीनेच भाडेपट्ट्याने दिले असून त्यास भाऊसाहेबांची संमती आहे.' झालं! मुंबईहून अटकेसाठी फोनवर फोन सुरू झाले. तेवढ्यात तो अधिकारी एका बैठकीसाठी मुंबईत येणार असल्याचं समजलं. मी त्याला साक्षीदार म्हणून समन्स काढलं.

स्वारी मोठ्या आनंदाने आली. कोट, टाय, अत्तराचा घमघमाट. महिलेला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. पण बाई आपण होऊन आल्या होत्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या होत्या. कोटवाल्या पाहुण्यांना वाटलं, ठाण्यातल्याच कोणी असतील.

"बाई, जरा पाणी मिळेल का?"

बाईंनी माठातून ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

खोटं बोलणाऱ्याला कधी अडवू नये. मान डोलवावी, चहा पाजावा आणि बारीकसारीक तपशील विचारत राहावं. खरं सांगणारा 'आठवत नाही' म्हणतो. खोटं सांगणाऱ्याला सगळं आठवतं.

"भाऊसाहेबांशी तुमचं स्वतःचं बोलणं झालं होतं?"

"कितीतरी वेळा. मुंबईत प्रत्यक्ष भेटलो ना. अगदी देवमाणूस!"

"दिसायला कसे आहेत?"

"उंचेपुरे. धोतर, टोपी. आणि मिशा काय सांगू साहेब, अशा!" त्याने दोन्ही हातांनी हवेत पीळ दिला.

हवालदारांना जोराचा ठसका लागला आणि ते व्हरांड्यात पळाले. जबाब लिहून घेणाऱ्या जमादारांचं पेन थरथरायला लागलं. मी दात ओठांवर रोवून जबाब वाचून दाखवला, मिशांसकट. साक्षीदाराने सगळं बरोबर असल्याचं सांगितलं.

मग मी म्हणालो, "भाऊसाहेब, तुम्हाला यांना काही विचारायचंय?"

त्याने दाराकडे पाहिलं. आवाज मात्र कोपऱ्यातून आला.

"एवढंच विचारा साहेब, या मिशा इतक्या वर्षांत माझ्या मालकांना कशा दिसल्या नाय?"

त्याच्या हातातला ग्लास तसाच राहिला. व्हरांड्यातून हवालदारांचं हसणं ऐकू येत होतं आणि मी त्यांना गप्प करू शकत नव्हतो, कारण मलाच आवरत नव्हतं.

साक्षीदाराचा आरोपी झाला. सायबर शाखेने पुढचा धागा ओढला, तेव्हा सगळं बाहेर पडलं. लहानसहान संस्थांचे नंबर हेरायचे, भामट्यांना वापरायला द्यायचे आणि नोंदीत नाव मूळ मालकाचंच ठेवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, याची पक्की सोय. बाईंच्या तक्रारींना उत्तर का मिळत नव्हतं? कारण त्या याच महाशयांच्या टेबलावर जात होत्या. कुंपणच शेत खात होतं आणि कुंपणावर नजर ठेवायला कोणी नव्हतं.

नंबर परत मिळाले. ठाण्यात पेढे आले, जमादारांच्या टेबलावर झेंडूची पाटी आली. संस्थेने कळवलं, 'ही एका कर्मचाऱ्याची वैयक्तिक चूक आहे.' मी फाईल मिटायला निघालो होतो, पण बाई मिटू देईनात. संस्थेच्या वार्षिक सभेत त्यांनी फोनवरून बोलायची परवानगी मिळवली. सोसायटीच्या खोलीत स्पीकर लावला, शेतकरी दाटीवाटीने बसले. मीही साध्या कपड्यांत हजर होतो.

बाई सावकाश इंग्रजीत बोलल्या. त्याचा मथितार्थ असा: "आमच्या सभेत भेंडीची एक पाटी कमी भरली तरी चेअरमनला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. तुमच्याकडे कोण उभं राहणार?"

पलीकडून मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यांचे अध्यक्ष म्हणाले, "मी उभा आहे." त्यांनी माफी मागितली आणि यापुढे तक्रारी बाहेरची वेगळी समिती ऐकेल, असा शब्द दिला.

मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "काय म्हनला तो?"

"चुकलं म्हनला."

"मंग बसू दे त्याला आता."

एवढ्या टाळ्या मी पोलीस पदकाच्या कार्यक्रमातही ऐकल्या नाहीत.

संस्थेने बाईंना कळवलं की नोंदीत आता तुमचं खरं नाव टाकतो. बाई नको म्हणाल्या. "खुर्चीचंच नाव राहू द्या. माझ्यामागं जो बसंल, त्यानंबी उत्तर द्यायला पायजे." आयुष्यभर मी माणसं पकडत आलो, आणि या बाईंनी मला शिकवलं की माणूस पकडून काम संपत नाही. त्याच्या मागे जी खुर्ची उरते तिला कोण, कधी, कोणासमोर जाब विचारणार हे ठरलं, तरच पुढचा चोर जरा बिचकतो.

निवृत्तीनंतर एकदा सहज त्या सोसायटीत फोन लावला. पलीकडून अनोळखी, कोवळ्या मुलीचा आवाज आला.

मी म्हणालो, "भाऊसाहेब आहेत का?"

"बोलतेय," ती म्हणाली. "काय तक्रार आहे, सांगा."