सगळ्या गल्लीत चार नंबर

डहाणूत किल्ल्यामागच्या गल्लीतली विहीर आणि तिला लागून असलेला दगडी ओटा पाडून तिथे गाड्या उभ्या करायला जागा करणार, हे कळलं तेव्हा मी नगरपरिषदेच्या कचेरीत जाऊन सरळ विचारलं, "गाड्या कुणाच्या?" उत्तर आलं, पर्यटकांच्या. "ते काय बघायला येणार?" जुनं डहाणू. म्हणजे जुनं डहाणू बघायला येणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून जुनं डहाणू पाडायचं. हे ऐकून टेबलापलीकडे कुणीही हसलं नाही. मीही हसले नाही. त्या वयात मी हसत नसे, पत्रकं काढत असे.

त्या ओट्यावर धाकट्या डहाणू गावची एक मावशी सुकी मासळी विकायला बसायची. बोंबील, वाकट्या, जवळा. तिच्या आधी तिची सासू तिथेच बसायची. नव्या मंडईत जागा वाटून झाल्या होत्या आणि त्यात मावशीला जागा नव्हती. ओटा गेला असता तर तिला टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरावं लागलं असतं, आणि तिचे गुडघे आता जिना म्हटलं की बसून घ्यायचे. बाकी सगळ्यांसाठी हा वारशाचा प्रश्न होता. तिच्यासाठी बूड टेकण्याचा होता.

ज्या साहेबांकडे हे काम होतं ते वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, वाईट माणसाविरुद्ध मजकूर भराभर सुचतो. हे साहेब मन लावून ऐकून घ्यायचे. ते म्हणाले, "ताई, लोक गाड्या लांब लावून, पायी फिरून ही वस्ती बघतील हे मला पटवा. पण माहिती सांगायला माणूस नेमायची आमच्याकडे तरतूद नाही. फिरणाऱ्याला आपलं आपण फिरता आलं पाहिजे. तसं काही करून दाखवा. मी स्वतः येतो, चालतो आणि मग ठरवतो."

आम्ही लगेच कामाला लागलो. आम्ही म्हणजे मी आणि वेवजी गावचा माझा आंदोलनातला मित्र. भिंतीवर घोषणा लिहाव्यात तर त्यानेच. ओळ सरळ, अक्षर रस्त्यापलीकडून वाचता येणारं. ठरलं असं की पाहण्यासारख्या जागांना क्रमांक द्यायचे, तो क्रमांक जवळच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवायचा आणि हातात तीन घड्यांचं एक माहितीपत्रक द्यायचं. क्रमांक एक, किल्ल्याचा दरवाजा. दोन, लाकडी सज्ज्याचा पारशी बंगला. तीन, खाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्या. चार, विहीर आणि ओटा. ज्यांच्या भिंती होत्या त्यांना विचारून क्रमांक टाकले. विहिरीसमोरची भिंत एका रेल्वेतल्या काकांची होती. ते म्हणाले, "टाका. फक्त देवाच्या खिडकीखाली नको."

मजकूर मी लिहिला. मला एकच लिहिता येत होतं, पत्रक. पत्रकात आधी माणूस पेटवायचा असतो, वस्तूचं नाव शेवटी यायचं असतं. चार क्रमांकाचा मजकूर असा होता: "थांबा! कष्टकऱ्यांच्या घामातून उभं राहिलेलं हे स्थळ आजही जनतेची तहान भागवत आहे. संकोच न करता पुढे व्हा. आत डोकावून पाहा. पाणी चाखा. तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हे किती जुनं?" यानंतर 'विहीर' हा शब्द येणार होता. तिथे घडी आली आणि जागा संपली.

आता यात एक गोष्ट होती, जी आम्हाला कचेरीपेक्षा जास्त चांगली माहीत असायला हवी होती. आमच्या भागात त्या वर्षांत कुठल्या ना कुठल्या कामाची मोजणी सतत चालू असे. माणसं यायची, टेप लावायची, भिंतीवर नंबर टाकून निघून जायची आणि कुणी काही सांगायचं नाही. त्याविरुद्ध आम्हीच तलासरीपासून चिखल्यापर्यंत आणि या गल्लीतही घरोघर पत्रक वाटलं होतं. त्यातलं कलम पहिलं: भिंतीवर नंबर दिसला की पुसा. कलम दुसरं: पुसला जात नसेल तर सगळ्यांनी आपापल्या घरावर तोच नंबर टाका, घर ओळखू येता कामा नये. कलम तिसरं: कुणी विचारलं तर घर जुनं आहे असं सांगू नका, धोकादायक म्हणून नोटीस येते. पत्रक उत्तम होतं. माझं आजही तेच मत आहे.

साहेब आले त्या सकाळी एक, दोन आणि तीन हे क्रमांक कलम पहिल्याप्रमाणे लोकांनी घासून काढलेले होते. माहितीपत्रकातल्या नकाशावरून साहेब कसेबसे गल्लीच्या तोंडाशी पोचले. गल्लीत मात्र रेल्वेवाल्या काकांच्या भिंतीवरचा ऑइलपेंट निघाला नव्हता. म्हणून गल्लीने दुसरं कलम अमलात आणलं होतं. पहिल्या घरावर चार. दुसऱ्यावर चार. पिठाच्या गिरणीवर चार. एका बंद घरावरही शेजाऱ्यांनी माणुसकी म्हणून चार टाकून दिला होता. काही निळे, काही गेरूचे, एक कोळशाचा.

माझा मित्र पुटपुटला, "कलम दुसरं. शंभर टक्के अंमलबजावणी. आपल्या कुठल्या आंदोलनात असं झालं होतं का?"

मी पुढे धावले. साहेबांनी हात वर केला. "ताई, फेरी आपली आपण करायची आहे ना? आज मी पर्यटक, कागदात आहे तेवढंच मला माहीत. तुम्ही मागे राहा. बोलायचं नाही."

मला कुणी बोलायचं नाही असं सांगितलं की मी दुप्पट बोलते. पण त्या दिवशी मावशीचा ओटा त्या माणसाच्या हातात होता. मी तोंड मिटून मागून चालत राहिले.

साहेबांनी पहिल्या घरासमोर उभं राहून मजकूर मोठ्याने वाचला आणि संकोच न करता आत डोकावले. आत एक गृहस्थ कमरेला पंचा गुंडाळून दाढी करत होते. ते म्हणाले, "कोण पाहिजे?"

"पाणी चाखायचं होतं," साहेब म्हणाले.

दारात आलेल्या माणसाने पाणी मागितलं तर आमच्याकडे कारण विचारत नाहीत. तांब्या आला. साहेब प्यायले. मग कागदात बघून त्यांनी विचारलं, "हे किती जुनं?"

गृहस्थ दाढीचा साबण पुसत म्हणाले, "नवीन आहे. अगदी नवीन."

साहेबांनी वर पाहिलं. कौलांवर शेवाळ होतं, वासे काळे पडले होते, एका वाशाला टेकू दिला होता. "नवीन?"

"परवाच बांधलं."

दुसऱ्या घरात एक गुजराती आजी होत्या. "आवो आवो, बेसो," म्हणत त्यांनी साहेबांना खुर्चीवर बसवलं, पाण्याबरोबर चिकूच्या फोडी दिल्या आणि घर मुलाच्या लग्नात बांधलं असं सांगितलं. मुलगा शेजारीच उभा होता. त्याचं लग्न अजून झालं नव्हतं. तिसऱ्या घरी पाणी आणि गवती चहा. गिरणीत पाणी, आणि गिरणी नवीन. साहेब प्रत्येक ठिकाणी तो मजकूर पहिल्यापासून वाचत होते, 'कष्टकऱ्यांच्या घामातून'पासून. गल्लीभर माझी वाक्यं ऐकत मी चालत होते. इतकी वाईट शिक्षा मला कुठल्या मोर्चातही झाली नव्हती.

शेवटी साहेबांच्या पोटात पाणी मावेना. ते बसायला जागा शोधू लागले आणि गल्लीत बसण्यासारखी एकच जागा होती. ते ओट्यावर, मावशीच्या टोपलीशेजारी टेकले. मागे विहीर होती. तिच्याकडे त्यांची पाठ होती.

मावशीने तांब्या पुढे केला. "पाणी?"

"नको!" साहेब ओरडलेच. मग सावरून म्हणाले, "मावशी, मला इथला जुना ओटा बघायचा आहे. तो कुठे?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने, जे जे हलवता येतं त्या सगळ्याने सांगत होते की खाली बोट दाखव. पण मी तिला वर्षभर दुसरंच शिकवलं होतं.

"असला जुना ओटा नाय आमच्याकडे," ती म्हणाली.

"आणि हा, ज्यावर आपण बसलोय तो?"

"हा? हा नवा."

"परवानगी घेतली होती?"

जुना म्हटला तर धोकादायक, नवा म्हटला तर विनापरवाना. दोन्ही बाजूंनी ओटाच जात होता. मला राहवलं नाही. "साहेब, तिच्या सासूची सासू—"

"ताई, तुम्ही बोलायचं नाही."

"का नाय बोलायचं?" मावशी उसळली. "पोरगी खरं बोलते. जुनाच हाय. माझी सासू बसायची, तिची सासू बसायची. मी खोटं बोलले, कारण तुम्ही लोक जुनं म्हटलं की पाडता नि नवं म्हटलं की पण पाडता. मला बसू द्या, मग तुम्हाला जे पाहिजे ते म्हणते. जुना म्हणू? जुना. नवा म्हणू? नवा."

साहेब उठले, माहितीपत्रक नीट घडी करून खिशात ठेवलं आणि पोट धरून गाडीकडे गेले. गाडी त्यांनी लांब, डांबरी रस्त्यावर लावली होती. गल्लीत ती येत नव्हती.

काही दिवसांनी त्यांनी मला बोलावून निर्णय सांगितला. ओटा राहणार, विहीर राहणार, गाड्यांची जागा रद्द. माझ्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात त्यांनी कारण सांगितलं. "मी स्वतः सकाळभर फिरलो. पर्यटकाला तिथे काहीही सापडत नाही. तो परत येणार नाही. मग गाड्यांना जागा कशाला?"

वारसा नाही, इतिहास नाही, कष्टकऱ्यांचा घाम नाही. आम्ही लोकांना वाट दाखवू शकलो नाही म्हणून जिंकलो होतो. मी तडक ओट्यावर गेले. मित्र आधीच तिथे बोंबील निवडत उभा होता.

"हे कारण आपण मान्य करता कामा नये," मी म्हणाले. "याविरुद्ध निवेदन दिलं पाहिजे."

"जिंकल्याविरुद्ध?" मित्र म्हणाला.

"कारणाविरुद्ध. फेरी आखता येते हे आपण सिद्ध करू. नव्याने क्रमांक टाकू, मजकूर बदलू, विहिरीला विहीर म्हणू—"

मावशीने तराजू खाली ठेवला. "थांब गो. ओटा राहिला?"

"राहिला, पण मावशी, मुद्दा असा आहे की—"

"मी इथेच बसणार?"

"हो."

"मग बाजूला सर," ती म्हणाली. "तुझ्यामागे गिऱ्हाईक उभं हाय."