वाकलेले शिक्के

आमच्या जपानी व्यापारी कंपनीत कागदावरचा शिक्कासुद्धा साहेबापुढे वाकतो. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्ट भागातल्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा माझ्या आडनावाचा इवलासा गोल शिक्का मला मिळाला आणि तो कसा मारायचा हेही शिकवलं गेलं. डावीकडे साहेबाचा शिक्का ताठ. उजवीकडे हाताखालच्यांचे, थोडे डावीकडे कललेले, मान तुकवल्यासारखे. मला आधी थट्टा वाटली, पण थट्टा नव्हती. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून मी इथे रबराला अदब शिकवत होते.

यंदा शाखेचा वाढदिवस. खालच्या दालनात भिंतभर कंपनीचा इतिहास लावायचं ठरलं आणि 'इंडियन्सचं इंग्लिश चांगलं' म्हणून मजकूर माझ्या गळ्यात पडला. टोकियोहून आलेला कच्चा मसुदा मी वाचला. रेशीम, आपल्याकडचा कापूस, जावाची साखर, मग 'सर्वांसाठी कठीण काळ' आणि लगेच पोलाद. जणू युद्धभर कंपनी कुठेतरी आडोशाला उभी होती.

रिसेप्शनवरच्या डच बाईंनी तो माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचला. त्यांची आई लहानपणी जावात होती. युद्धात जपानी सैन्याने तिथल्या डच बायकापोरांना छावण्यांत कोंडलं, त्यांत तीही होती. रोज हजेरीला सैनिकापुढे कमरेतून वाकायचं आणि हुकूम येईपर्यंत सरळ व्हायचं नाही. कमी वाकली म्हणून तिने थपडा खाल्ल्या होत्या. ती छावणी ज्या शहरात होती, त्याच शहरात आमच्या कंपनीचा कारभार मजेत चालू होता.

"एक वाक्य घाल," बाई म्हणाल्या. "त्या काळातही आमचं ऑफिस उघडं होतं, एवढंच. आईला वाचायला आणते. तिच्याकडे आता फार दिवस नाहीत."

मी घातलं. जपानी डायरेक्टर म्हणाले, "जरा अवघड आहे." म्हणजे नाही. आमचा डच मॅनेजर एरवी पारदर्शकतेवर नाकाने कांदे सोलतो. तो म्हणाला, समारंभ खेझेलिख हवा. म्हणजे ऊबदार, कॉफी-केकचा, कुणाचा मूड न घालवणारा. युद्धाआधी जावा किती पिढ्या डचांच्याच टाचेखाली होतं, हेही त्याला खेझेलिख वाटलं नसतं.

मसुदा शिक्क्यासाठी परत आला तेव्हा माझं वाक्य गायब होतं आणि बाकीचे शिक्के आधीच वाकून बसले होते. मी माझा ताठ मारला. दुसऱ्या दिवशी कागद परत: शिक्का नीट नाही, पुन्हा मारा. सैन्याच्या सावलीत केलेला धंदा यांच्या नजरेतून सुटला, शिक्क्याचा कोन सुटला नाही. मी पुन्हा ताठच मारला. माझ्यावाचून काही अडलं नाही, मजकूर भिंतीवर लागला.

बाईंना मी सांगितलं, वाक्य गेलं, आईला आणू नका.

"तिने नवा ब्लाउज घेतलाय," त्या म्हणाल्या.

समारंभाच्या दिवशी व्हीलचेअरमधल्या त्या म्हातारीने पूर्ण भिंत वाचून काढली. मग मुलीला विचारलं, कुठे आहे? मुलीने 'सर्वांसाठी कठीण काळ'वर बोट ठेवलं. तेवढ्यात डायरेक्टर आले आणि प्रत्येक पाहुण्याला वाकत होते तसे तिच्यापुढे वाकले.

"दीपर," ती म्हणाली. अजून खाली.

डायरेक्टर हसले आणि जरा आणखी वाकले. आमचा मॅनेजरही हसला, त्याला ते खेझेलिख वाटलं असावं. म्हातारी हसली नाही. तिने तळहाताने हवा खाली दाबून दाखवली.

"दीपर."

आता डायरेक्टरांची पाठ जमिनीला समांतर झाली. मॅनेजरच्या हातातला केक तसाच राहिला. मला दया आली नाही, उलट बरं वाटलं. म्हातारीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि मुलीला म्हणाली, "चल, घरी जाऊ."

मी दार उघडून धरलं. खुर्ची बाहेर पडली तरी डायरेक्टर वाकलेलेच होते. सरळ व्हायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.