वन्संचा निकाल

माझ्या नणंदेचं नाव दोक-शिम. मी लग्न होऊन या बेटावर आले तेव्हा वन्सं अंगणात डुक्कर मारत होत्या. नवी नवरी दारात उभी, आणि ह्यांचं चाललंय. कुऱ्हाडीची पाठ कपाळावर, एकच घाव. डुक्कर गुडघे मोडून खाली बसलं तशा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलीस? परात धर. रक्त सांडता कामा नये." लग्नाच्या घागऱ्यावर डाग पडला तो काही गेला नाही.

नवऱ्याने टाकलेली बाई, असं लोक म्हणत. खरं म्हणजे वन्संनीच त्याला टाकला होता. तो पिऊन मारायचा. एक दिवस वन्संनी त्याला मिठागराच्या खाऱ्या टाकीत ढकललं, वर आला की पुन्हा दाबलं, आणि "चुकलो" म्हणाला तेव्हा बाहेर काढून भावाच्या घरी निघून आल्या. भाऊ म्हणजे माझा नवरा, सांग-गिल. घरात आहे की नाही हे भाताचं वाडगं रिकामं झाल्यावर कळायचं, इतका गरीब माणूस.

तेव्हा आमच्यावर जपान्यांचं राज्य होतं. त्यांच्या लढाईत सरकारी माणसं घराघरातून पितळ उचलून नेत, गोळ्या ओतायला. आमच्याकडे सासूबाईंचं एक पितळी तसराळं होतं. गावच्या कचेरीतला कारकून ते उचलायला आला. वन्संनी ते त्याच्याच डोक्यात घातलं. कवटी दिसली हो पांढरी! संध्याकाळी फौजदाराचा माणूस आला आणि कुणी मारलं विचारू लागला. वन्सं मागे चुलीपाशी जवाचा भात खात होत्या. त्यांना काही कळायच्या आत माझा नवरा उठला, "मी मारलं," म्हणाला आणि त्याच्याबरोबर चालू लागला. परत आणला तो फळीवर घालून. पाठीचं कातडं सदऱ्याला चिकटून सुटत होतं. जुनी माणसं म्हणाली, संडासाच्या टाकीत बांबू बुडवून ठेवा, आत झिरपलेलं पाणी पाजा, मुका मार त्यानेच उतरतो. तेही मीच पाजलं. गुन्हा हिचा, पाठ त्याची आणि बांबू माझ्या हातात.

सकाळी वन्सं ठाण्यावर जाऊन उभ्या राहिल्या. "मी मारलं. मला धरा." फौजदाराने मान वर केली नाही म्हणे. "त्या गुन्ह्याचा निकाल लागला," म्हणाला. "एका गुन्ह्याला दोनदा मार नाही. चल, नीघ इथून."

वन्सं घरी आल्या आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहिलं. चुलीत तोंड घालून रडत होत्या, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

पुढे जपानी गेले आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून एक ख्रिस्ती पाळक होडीने येऊ लागला. पहिलाच उपदेश शेवटच्या न्यायाचा. पांढरं सिंहासन, आगीचं तळं, एकेकाचा हिशेब. बायका जमिनीवर हात आपटून रडत होत्या. मग तो म्हणाला की तुमच्याऐवजी दुसऱ्याने मार खाल्ला, तुमच्याऐवजी दुसरा मेला. त्यावर वन्सं मोठ्याने हसल्या.

"बाई, हसायला काय झालं?"

"एवढं रडवलंत कशाला मग? निकाल लागलाय की!"

तेव्हापासून त्या मंडळीत. पण बाप्तिस्मा काही मिळेना. पाळक नसताना मंडळी प्यो वैद्य सांभाळत, बाप्तिस्म्याआधीचे प्रश्नही तेच विचारत. काटकुळा, शिकलेला माणूस. पहाटे चर्चच्या गार फरशीवर गुडघे टेकून बसायचे ते उन्हं येईपर्यंत. दर वसंतात वन्सं त्यांच्यापुढे बसत आणि दर वसंतात तेच व्हायचं.

"आज मरण आलं तर न्यायासनापुढे काय सांगशील?"

"सांगायचं काय? माझा निकाल लागलाय."

"इतकी खात्री? गेल्या आठवड्यात मासेवालीचे केस उपटलेस ते?"

"तिने शिळे बांगडे दिले."

"हा गर्व आहे, दोक-शिम. न्यायाच्या दिवसाची भीती वाटायला हवी."

"वैद्यबुवा, तुम्ही इतकी भीती बाळगता, मग झोप कधी लागते तुम्हाला?"

झालं. बाप्तिस्मा पुढच्या वर्षावर. मी तीन ओळी धड वाचू न शकणारी, पण मान खाली घालून "मी पापी" म्हटलं आणि पहिल्याच खेपेला पास झाले. वन्सं मला म्हणायच्या, "तुझी मान फार कामाची आहे गं."

मग मोठी लढाई आली. उत्तरेकडून लाल झेंडेवाले बेटावर उतरले आणि चर्चला कुलूप लागलं. माझा नवरा मिठाची होडी घेऊन पलीकडे गेलेला, तो तिकडेच अडकला. शरदात बातमी आली की दक्षिणेचं सैन्य परत येतंय, आणि झेंडेवाले पिसाळले. चर्चच्या लोकांना घरातून ओढून मिठाच्या कोठारापुढे बसवलं. वन्सं, मी, प्यो वैद्य, मागे मंडळीतल्या दोघी बहिणी. मनगटं पुढे बांधलेली आणि सगळ्यांना मिळून एकच गवती दोरी. गावाला समोर उभं केलं. याला म्हणायचं जनतेचं न्यायालय.

न्यायाधीश कोण? तर चुन-बे. मिठागरातल्या मजुराचा पोर, आमच्या चुलीवर शिजलेली डुकराची रक्ती खाऊन वाढलेला. तो विचारायचा, "हा चर्चचा कुत्रा. काय करायचं याचं?" आणि गावाने ओरडायचं, "मारा!" जो ओरडणार नाही त्याच्या बरगडीत बांबूचं टोक. मग आम्हाला विचारायचा, अजून चर्चचेच का? एकेका उत्तराला वैद्यांच्या तोंडावर लाकडी दांडा बसत होता. मला विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली, हो म्हणून. पाठीत दांडा बसला.

वन्संची पाळी आली आणि चुन-बे घुटमळला. तेवढ्यात वैद्यबुवा रक्त थुंकून म्हणाले, "ही आमची नाही. हिचा बाप्तिस्मा झालेला नाही. गावात कुणालाही विचारा."

खरंच होतं ते. गावाने माना डोलावल्या. चुन-बेच्या चेहऱ्यावर सुटल्याचा असा काही भाव आला! त्याने स्वतः दोरी कापली. "काकू, उठा. घरी जा. मागे बघू नका."

वन्सं उठल्या. मनगटं चोळली. रस्ता समोर मोकळा होता, कोपऱ्यावर आमचं घर दिसत होतं. माझ्या मनात एकच, जा हो वन्सं, एक तरी वाचू दे.

त्या वळल्या आणि वैद्यबुवांच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की दांड्याने हललेला दात खाली पडला.

"मी कुणाची नाही म्हणतोस रे?" मग चुन-बेपुढे हात धरले. "बांध."

"काकू, वेड लागलंय का? इथं राहिलात तर तुमचाही निकाल लावावा लागेल!"

"उशीर केलास बाळा. माझा लागून गेला."

त्याने त्यांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं. पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानावर. मारताना तो रडत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग बांधलं, वैद्यबुवांच्या आणि माझ्या मधे.

ओहोटी होती. आम्हाला चिखलात चालवत नेलं, गुडघ्याएवढ्या. मागे दहा-बारा पोरं बांबूचे भाले घेऊन, तीही रुतत, शिव्या देत.

"दोक-शिम," वैद्यबुवा पुटपुटले, "मी तुला वाचवायला बोललो."

"ठाऊक आहे. म्हणून तर एकच मारली."

थोडं पुढे गेल्यावर ते पाय ओढायला लागले. "मला भीती वाटते. या पोरांची नाही. पुढे जो बसलाय त्याची. जपानी त्यांच्या देवळापुढे वाकायला लावत, तेव्हा मी ख्रिस्ती असून वाकलो होतो."

"मारलं असेल तुम्हाला."

"मारायच्या आधीच वाकलो. त्यानंतर फरशीवर इतके गुडघे घासले, पण मला खात्री नाही गं. इतकी वर्षं तुला विचारत आलो आणि मलाच नाही."

वन्संच्या फुटलेल्या कानातून रक्त गळत होतं. त्यांनी ऐकलं की नाही तेच मला कळेना. मग म्हणाल्या, "सांग-गिल ठाण्यात मार खात होता ना, तेव्हा मी काय करत होते, ठाऊक आहे? जवाचा भात खात होते. दुसऱ्यांदा वाढून घेतला होता. मला पत्ताच नव्हता. आणि तेवढ्यात माझा निकाल लागून गेला. माझा हात त्यात कुठे होता? तुम्ही वाकलात, मी गिळत होते. मार खाणाऱ्याने मार खाल्ला की नाही, तेवढं बोला."

"खाल्ला," वैद्यबुवा म्हणाले.

"पुरा खाल्ला?"

"पुरा."

"मग चला की! पाय का ओढताय? दोरी मला काचते."

ते हसले की हुंदका दिला, सांगता येणार नाही. पोरांनी थांबवलं तेव्हा मात्र ते आपणहून पुढे झाले. "आधी मी," म्हणाले. पहिला भाला गळ्यात घुसला, दुसरा छातीत. अंगाच्या भाराने दोरी ताणली गेली आणि आम्ही सगळ्या ओढल्या गेलो. वन्सं पडल्या नाहीत. समोर आलेल्या पोराच्या तोंडावर त्यांनी कपाळ हाणलं. त्याचं नाक फुटलं, तो चिखलात बसला. दुसऱ्याने त्यांच्या पोटात बांबू खुपसला आणि तो आत मोडला. माझ्यावर भाला उगारलेला असतानाच टेकाडापलीकडे तोफ वाजली. सैन्याच्या बोटी. पोरं भाले टाकून पळाली. चुन-बे सगळ्यात पुढे.

आता भरतीचं पाणी येऊ लागलं. आम्ही एका दोरीत, दोरीच्या टोकाला वैद्यबुवांचं प्रेत, आणि पाय रुतलेले. वन्संनी दोन्ही हातांनी पोटातला बांबू उपसला. काय आवाज आला तो सांगवत नाही. त्याच बांबूच्या धारेने त्या दोरी कापत बसल्या, आधी माझी, मग त्या दोघी बहिणींची; त्यांची मी कापली. आम्ही त्यांना ओढत बांधावर आणलं. हाताने पोट दाबून धरलं तरी बोटांतून येतच होतं.

"वन्सं, प्रार्थना करू?"

"कर. मोठ्याने नको, कान ठणकतोय."

"भीती वाटते का हो?"

"कुणाची?" खरंच विचारत होत्या. "पोटात आग पडलीय. ते निराळं." मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून चिडल्या. "अगं, वैद्याला तिकडेच टाकलंत? पाणी नेईल त्याला. बघत काय बसलीस, मेले, जा!"

मी त्या दोघींना घेऊन पुन्हा चिखलात उतरले. पाणी मांड्यांना लागलं होतं. वैद्यबुवांना बगलेत धरून बांधावर आणलं, तोवर वन्संचे डोळे स्थिर झाले होते. तोंड उघडं होतं, कुणाला तरी रागावत असाव्यात. लाट बांधाला लागली तसं आम्ही दोघांनाही आणखी वर ओढलं. वैद्यबुवा हलके होते. वन्संना तिघींनी मिळूनसुद्धा दोनदा खाली ठेवावं लागलं.