इर्माच्या शेजारची खुर्ची

रोसारियोत आमच्या गल्लीत आन्सेल्मो बुस्तोसइतका विस्तव कळणारा माणूस दुसरा नव्हता. जाळीवर तळहात धरायचा, मनात आकडे मोजायचा, आणि चारच्या आत हात मागे घ्यावा लागला तरच मांस टाकायचा. त्याचा बाप चाकोच्या रानात केब्राचोची झाडं तोडता तोडता मेला. आन्सेल्मो सोळाव्या वर्षी शहरात आला आणि तेच लाकूड जाळून पोट भरू लागला. नदीकाठचं फाउस्तीनोचं स्टेकहाउस म्हणजे शहरातलं बडं ठिकाण. तिथे तो चौतीस वर्षं आसादोर होता; मांसाची आणि विस्तवाची सगळी मुखत्यारी त्याच्याकडे.

रंगमंचावर माझे दिवस होते तेव्हा खेळ संपला की आम्ही नटमंडळी तिथे हमखास जायचो. डोक्यावरची पिसं उतरवायची, चेहऱ्यावरचा रंग तसाच ठेवायचा, आणि थाटात आत शिरायचं! माना वळायच्या. काय सांगू, त्या वळलेल्या मानांवरच माझं निम्मं पोट भरायचं.

आन्सेल्मोची बायको इर्मा त्याच स्टेकहाउसचे टेबलक्लॉथ घरी धुऊन, इस्त्री करून द्यायची. सव्वीस वर्षं. मागच्या दाराने गठ्ठा आणायचा, मागच्याच दाराने पोचवायचा. कुठल्या कापडावर कुणाची वाइन सांडली आणि कुठलं कुठे रफू केलं, हे तिला तोंडपाठ. पण त्यातल्या एकाही कापडापुढे ती कधी बसली नव्हती.

आमच्याकडे आसादोर बसत नाही. सगळ्यांचं पोट भरेपर्यंत तो विस्तवापाशी उभा असतो, आणि शेवटी उरलंसुरलं उभ्यानेच खातो. लोक टाळ्या वाजवतात, तेवढाच त्याचा मान. आन्सेल्मोने हा नियम इतका पाळला की स्वतःच्या लग्नातलं मांसही त्यानेच भाजलं. इर्माकडे त्या दिवसाचा फोटो होता. ती एकटी बसलेली, शेजारी रिकामी खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर त्याचा कोट.

त्या ऑगस्टमध्ये इर्माच्या पोटातलं दुखणं डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं. आमच्याकडे वसंत सप्टेंबरात येतो; तो काही ती बघणार नव्हती. मी सूप घेऊन गेले होते, तेव्हा ती उशीला टेकून नवऱ्याला म्हणाली, "म्हाताऱ्या, मला एकदा पुढच्या दाराने आत जायचंय. आणि तू माझ्या शेजारी बसायचंस. बसून जेवायचंस."

"एवढंच ना? बसतो की."

"तू? तुला गुडघे आहेत हेच मला आठवत नाही."

तो हसला. ती हसली नाही. "खायला मला होणार नाही रे. तू बस, म्हणजे झालं."

त्याने मला जिन्यात गाठलं. "दोन्या नेलिदा, तुम्हीही या. असल्या ठिकाणी कसं बसायचं, तुम्हाला ठाऊक आहे. तिला धीर येईल."

रविवारी दुपारी आम्ही गेलो. इर्माने माझा निळा झगा घातला होता. चार ठिकाणी पिना लावून तो अंगावर बसवला होता. फाउस्तीनो स्वतः दारात आला, "या, सेन्योरा," म्हणाला, आणि खिडकीजवळचं टेबल दिलं. बसल्याबसल्या तिने टेबलक्लॉथची कड उलटून बघितली.

"हे माझं नाही," ती कुजबुजली. "हल्ली कुणाला देतात कोण जाणे. इस्त्रीची घडी चुकलीये बघा."

आन्सेल्मो तिच्या शेजारी बसला. खरंच बसला. हात कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. विस्तव त्याने सेफेरिनोकडे सोपवला होता. सेफेरिनो त्याच्या हाताखाली अकरा वर्षं मुरलेला, काही कच्चा गडी नव्हे. पण आन्सेल्मोची पाठ त्या बाजूला होती आणि त्याचे कान मागे लागले होते. इर्मा त्याला शेजाऱ्याच्या कुत्र्याची गंमत सांगत होती. तो हं हं करत होता.

मग चरबी निखाऱ्यावर पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ जाळ उठल्याचा.

"बस," इर्मा म्हणाली.

"अगं, तुझाच तुकडा आहे तो. घाई करतोय गाढव."

"करपू दे. मी कुठे खाणार आहे?"

"दोन मिनिटं."

तो उठला. लोकांनी त्याला कोट घालून विस्तवापाशी जाताना बघितलं आणि कोपऱ्यातून कुणी ओरडलं, "आसादोरसाठी टाळ्या!" सगळं स्टेकहाउस कडाडलं. टाळी काय चीज असते ते मला विचारा. तिच्यापुढून पाय निघत नाही. कुणी म्हणालं, "आन्सेल्मो, माझा तूच भाज रे." मग दुसऱ्याने म्हटलं. मी उठून त्याला बोलावणार होते, पण इर्माने माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी होती.

"तो आपणहून यायला हवा," ती म्हणाली.

आम्ही पाऊण तास थांबलो. तिचा तुकडा वेटरने आणून दिला. बाहेरून काळसर, आत गुलाबी, अगदी नेमका. आन्सेल्मोने लांबूनच चिमटा उंच करून दाखवला. तिने एक घास तोंडात ठेवला, तो गिळला नाही, रुमालात काढला. मग म्हणाली, "मला घरी न्या."

आम्ही टॅक्सीत बसलो तेव्हा तो धावत बाहेर आला, हातात चिमटा तसाच. त्याला वाटलं, मांसच बिघडलं.

"कडक झालं का?"

"नाही. छान होतं." तिने पलीकडे सरकून आपल्या शेजारच्या जागेवर हात ठेवला. "ये, बस."

त्याने मागे वळून बघितलं. "बारा टेबलं आहेत गं सेफेरिनोच्या अंगावर. आटपून येतोच."

"बरं," ती म्हणाली आणि काच वर केली.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावर गेला नाही. तिच्या खाटेला स्वयंपाकघरातली खुर्ची लावून नऊ दिवस बसून राहिला. बसल्या जागी झोपला, बसल्या जागी नूडल्स खाल्ल्या. मी गेले की दर वेळी तो तिला तेच म्हणत असायचा, "जरा ताकद येऊ दे, म्हातारे. रविवारी पुन्हा जाऊ. या वेळी मी उठणार नाही, शपथ."

ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. रागावली होती असंही नाही. त्याने मागितलं तर हात द्यायची. एकदाच तिने उत्तर दिलं, मंगळवारी सकाळी, माझ्यासमोर.

"रविवारी गर्दी असते," ती म्हणाली.

दुपारी ती गेली. आन्सेल्मो त्या खुर्चीवरून उठेना. शेवटी मी आणि सेफेरिनोने त्याला दोन्हीकडून धरून उभा केला.