तळ्यात सोडलेलं वाण

रत्नप्रभा खानझोडेच्या पायाला हल्ली भिंगरी लागली होती. सकाळी पोळ्या झाल्या की तळ्याकडे, दुपारी नरहर जेवून कारखान्यात परतला की पुन्हा तळ्याकडे. “तळ्यात काय पुरून ठेवलंयस का गं?” नरहरने एकदा विचारलेही. एरवी एका शब्दाला दहा देणारी बाई, पण तिने नुसती आमटी ढवळली. पंचवीस वर्षांच्या संसारात नरहरला तिच्या बोलण्याची सवय झाली होती, गप्प बसण्याची नाही. त्यामुळे तो घाबरला.

लग्न होऊन ती नागपूरहून भोपाळला आली, तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत मराठी घरे जेमतेम चाळीस. दिवसभर भाजीवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे हिंदीत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र बायका मनसोक्त मराठी बोलून घ्यायच्या, आणि तितक्याच मनसोक्तपणे एकमेकींच्या वाणाला नावे ठेवायच्या. कुणी साबणाची डबी लुटायची, कुणी चहाची गाळणी. रत्नप्रभेला ते फार हलके वाटे. लुटायचे तर काही जिवंत लुटावे, अशी तिची हौस. आणि हौसेला मोल नसते.

एकोणऐंशीच्या संक्रांतीला तिने माहेरच्या गावतळ्यातून एक बादलीभर रोपे आणली. नागपूर ते भोपाळ ती बादली तिने मांडीवर धरली होती, पोटच्या पोरीला धरावी तशी. फुगीर देठाची, तुकतुकीत पानांची, पाण्यावर तरंगणारी जलपर्णी. मातीसुद्धा लागत नाही. “उन्हाळ्यात जांभळं फूल येतं, बघाच तुम्ही,” असे सांगत तिने तीस जणींच्या हातात एकेक रोप ठेवले. उन्हाळ्यात खरोखरच फुले आली. त्या वर्षी वसाहतीत रत्नप्रभेच्या वाणापुढे सगळ्यांची वाणे फिकी पडली, आणि ती महिनाभर मान ताठ करून फिरली. का फिरू नये?

मग शेजारच्या क्वार्टरमधली सुलभा पोतदार विचारायला आली. “वहिनी, एकाची वीस झाली हो. हौद भरून गेला. जास्तीची कुठे टाकू?”

“अगं, वाण आहे ते. उकिरड्यावर टाकतात का? तळ्यात सोड.”

एकीला सांगितले, तिसांनी ऐकले. निर्माल्य सोडावे तशी बायकांनी ती रोपे हळदकुंकू वाहून, हात जोडून क्वार्टरांमागच्या तळ्यात सोडली. कचरा म्हणून फेकली असती तर उन्हात वाळून मेली असती. यांच्या भक्तिभावाने जगली.

त्या तळ्यात तेव्हा काय नव्हते? पांढरी कुमुदे होती, पावसाळ्यात बेडकांचा गिल्ला असे, बोटाएवढे चंदेरी मासे काठापर्यंत यायचे. टिबुकल्या, ती इवली पाणपाखरे, बुडी मारून भलतीकडेच वर निघायच्या. थंडीत परदेशी बदके उतरायची. आणि कन्हैयालाल रैकवारचे शिंगाडे. बापापासून त्याच्याकडे तळ्याचा ठेका होता. दिवाळीच्या सुमारास तो ओले शिंगाडे घेऊन दारात यायचा, “भाभीजी, पहले आपके यहाँ,” म्हणायचा आणि ओंजळभर वर घालायचा.

सगळे एका दिवसात गेले नाही. आधी एका कोपऱ्यात हिरवी सतरंजी पसरली, मग अर्ध्या तळ्यावर. खालच्या पाण्याला ऊन मिळेना, मासे तडफडून वर आले. मोकळे पाणी उरले नाही तशा टिबुकल्या गेल्या. बदके वरच्या वर घिरट्या घालून निघून जाऊ लागली. कन्हैयालाल दरसाल गाडीभर जलपर्णी उपसायचा, तुटलेल्या तुकड्यांतून ती पुन्हा उगवायची.

रत्नप्रभा हे चोवीस वर्षे पाहत होती आणि कुणाला ताकास तूर लागू देत नव्हती. वाचनालयात एका मासिकात तिने वाचले होते, की ही वनस्पती मुळात दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची. फुलाला भुलून माणसांनीच तिला देशोदेशी नेले, आफ्रिकेतल्या सरोवरांत आणि बंगालच्या तळ्या-कालव्यांत सोडले. म्हणजे जगात तिच्यासारख्या रत्नप्रभा पुष्कळ होत्या. त्याने काही तिला बरे वाटले नाही.

खाई त्याला खवखवे. आणि आता ती खवखव गळ्याशी आली होती. वसाहतीच्या समितीने ठरवले होते, की ही घाण कन्हैयालालनेच शिंगाड्याच्या रोपांबरोबर आणली, तेव्हा त्याचा ठेका रद्द करायचा. रविवारी सभा होती. काठावर भेटला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “भाभीजी, मैं अपने ही तालाब में जहर क्यों डालूँगा?”

रविवारी समितीचे अध्यक्ष नीळकंठ साने ठराव वाचू लागले, तशी ती उठली.

“कन्हैयालालने नाही आणली. मी आणली. एकोणऐंशी साली, संक्रांतीचं वाण म्हणून. आणि तळ्यात सोडायलाही मीच सांगितलं.”

सभेत हशा पिकला. साने म्हणाले, “वहिनी, तुमचं मन मोठं आहे. पण एका बादलीनं कुठे तळं भरतं? काही पुरावा?”

कन्हैयालाल मागच्या भिंतीला टेकून उभा होता. रत्नप्रभेने बायकांकडे पाहिले. तीस जणींतल्या सहा-सात अजून वसाहतीत होत्या. सगळ्या पदराशी चाळा करत खाली बघत होत्या. तिला रडू फुटणार, तोच सुलभा उठली.

“पुरावा माझ्या घरी आहे. तेच वाण, त्याच हौदात. वहिनींनी दिलेलं, टाकवलं नाही. या बघायला.”

हशा थांबला. सान्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. कन्हैयालालने तिथूनच हात जोडले. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच रत्नप्रभेला मोकळा श्वास घेता आला. तिने सुलभेचा हात घट्ट धरला.

सुलभाही खुलली. “इतकं सुंदर फुलतं अजून! मागच्या संक्रांतीला सूनबाईलाही दिलं. मंडीदीपला नवं घर घेतलंय ना त्यांनी. तिनं तिकडे अकरा जणींना वाण म्हणून लुटलं.”

रत्नप्रभेची पकड सुटली. “आणि जास्तीचं झालं की काय करते गं ती?”

“तुम्हीच नव्हतं का सांगितलं, वहिनी? टाकत नाही ती. घरामागे नाला आहे, थेट बेतवा नदीला मिळतो. हळदकुंकू वाहून सोडते.”

सभा अजून उठली नव्हती. रत्नप्रभा दाराशी चपला शोधत होती, आणि सभेला आलेल्या नरहरला विचारत होती, मंडीदीपची बस कुठून सुटते.